फुप्फुसांचा विकार आणि हृदयाचा भार

एका माणसाचें हृदय काढून दुसऱ्याच्या छातींत बसवावें आणि देणाराहि जिवंत राहावा, ही गोष्ट पुराणांतील चमत्कारासारखी वाटते. परंतु १९८७ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं ती खरोखर घडून आली. हृदय देणारा मनुष्य सिस्टिक फायब्रोसिस नांवाच्या रोगानें फुप्फुसें निकामी होऊन मरणाच्या दारीं पोंचला होता. त्या काळीं अशा रोग्यांना नुसतीं फुप्फुसें बसविण्यापेक्षां हृदय व फुप्फुसें मिळून एकत्र बसविणें शल्यवैद्यांना अधिक सुरक्षित वाटे. म्हणून एका मृत दात्याचें हृदय व फुप्फुसें या रोग्यास मिळालीं. आणि त्याचें स्वतःचें हृदय, जें मुळांत रोगट नव्हतें, तें दुसऱ्या एका हृदयरोग्यास देण्यांत आलें.

अशा हृदयाची एक जमेची बाजू शल्यवैद्यांच्या ध्यानांत आली होती. वर्षानुवर्षें बिघडलेल्या फुप्फुसांतून रक्त ढकलीत राहिल्यामुळें त्याची उजवी बाजू तालमींत घुमलेल्या गड्याप्रमाणें कसलेली असते. ज्या हृदयरोग्यांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब आधींच वाढलेला असतो, त्यांच्या छातींत निरोगी दात्याचें हृदय कधीं कधीं एकाएकीं थकतें. कसलेलें हृदय तेथें अधिक टिकाव धरील, अशी अपेक्षा होती. परंतु ज्या श्रमानें हें हृदय बळकट होतें, तेच श्रम वेळीं हलके झाले नाहींत तर अखेरीस त्याला मोडतात. सिस्टिक फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्यांत रोग्याचें आयुष्य किती उरलें आहे, हा प्रश्न या मूक श्रमाशीं निगडित आहे. तो कसा, हें समजण्यासाठीं आधीं मूळ रोगाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात व आनुवंशिक विकार आहे. ज्या मुलाच्या कपाळाचा मुका घेतला असतां ओठांना खारट चव लागते, तें मूल फार दिवस जगत नाहीं, अशी युरोपांतील जुनी लोकसमजूत होती. या समजुतीमागें एक खरें निरीक्षण दडलेलें होतें, हें शास्त्राला पुष्कळ उशिरां कळलें. १९३८ सालीं न्यूयॉर्क येथील डॉरोथी अँडरसन या विदुषीनें, दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांवरून, या रोगाचें स्वतंत्र स्वरूप प्रथम सविस्तर वर्णिलें. स्वादुपिंडांत द्रवानें भरलेल्या लहान लहान पिशव्या व तंतुमय काठिण्य आढळल्यावरून रोगास हें नांव पडलें. पुढें १९४८ सालच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कमध्यें उष्णतेची लाट आली, तेव्हां हा रोग असलेलीं मुलें विशेष प्रमाणांत कोसळूं लागलीं. त्यावरून पॉल डी सान्त-आग्नेसे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शोध चालविला आणि या मुलांच्या घामांत मिठाचें प्रमाण फार अधिक असतें, हें १९५३ सालीं प्रसिद्ध केलें. घामांतील क्लोराइड मोजणें ही आजहि या रोगाच्या निदानाची मुख्य कसोटी आहे.

मूळ दोष १९८९ सालीं सांपडला. टोरोंटो येथील लॅप-ची त्सुई व जॅक रिओर्डन आणि मिशिगन येथील फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या पथकांनीं सातव्या गुणसूत्रावरील एक जनुक हुडकून काढलें. या जनुकाच्या आज्ञेनें एक प्रथिन तयार होतें. पेशीच्या पडद्यांतून क्लोराइडची ये-जा त्याच्या दारांतून चालते. आई व बाप या दोघांकडूनहि सदोष जनुक आलें, म्हणजे हें दार बंद पडतें. मग शरीरांतील जे स्राव पातळ व वाहते असावयाचे ते घट्ट व चिकट होतात. आतड्यांत अन्न नीट पचत नाहीं, मूल बाळसें धरीत नाहीं. आणि फुप्फुसांत कफ सांचून राहतो. सांचलेल्या कफांत जंतु घर करितात, जंतूंच्या पाठोपाठ दाह येतो, दाहानें श्वासनलिकांच्या भिंती झिजून त्या ढिल्या पडतात, आणि ढिल्या नलिकांत पुन्हां अधिक कफ सांचतो. हें चक्र वर्षानुवर्षें फिरत राहतें. हा रोग केवळ गौरवर्णीयांचा, असा पुष्कळ काळ समज होता. तो खरा नाहीं. भारतांतहि हा रोग आढळतो. मात्र वारंवारचा खोकला आणि खंगत जाणारी प्रकृति पाहून कित्येकदां क्षय किंवा कुपोषण समजून उपचार होतात व खरें निदान मागें पडतें.

येथवरची कथा फुप्फुसांची झाली. हृदय तिच्यांत कसें गुंततें, हें पाहण्यासाठीं रक्ताभिसरणाची रचना ध्यानांत घेणें अवश्य आहे. शरीरांत रक्ताचे दोन फेरे चालतात. हृदयाची डावी बाजू रक्त सर्व शरीरास पुरविते. तेथील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें ९० मिलिमीटर असतो. उजवी बाजू तेवढेंच रक्त, म्हणजे विसांव्याच्या वेळीं दर मिनिटास सुमारें पांच लिटर, फुप्फुसांतून पाठविते. परंतु निरोगी माणसांत तेथील सरासरी दाब अवघा १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. रक्त तेवढेंच असून दाब इतका कमी कसा? फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांचें जाळें इतकें विस्तीर्ण व इतकें सैल असतें कीं रक्ताला तेथें अडथळा म्हणून जवळजवळ होतच नाहीं. काम हलकें म्हणून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याची भिंतहि डाव्या कप्प्याच्या मानानें पुष्कळ पातळ असते. तिची घडणच जड ओझ्यासाठीं नाहीं.

हा सोपा मार्ग अवघड कसा होतो, त्याचें मर्म १९४६ सालीं स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर व योरान लिल्येस्त्रांद यांनीं मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिलें. शरीराच्या इतर भागांत प्राणवायु कमी पडला कीं तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसांत नेमकें उलट घडतें. प्राणवायु कमी पडला कीं तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. वरवर पाहतां ही निसर्गाची चूक वाटेल, परंतु मळ्यांत दारें धरणारा गडी काय करितो तें आठवावें. एखादा वाफा खडकाळ निघाला, तर त्याचें दारें मातीनें बुजवून तो पाटाचें पाणी पिकाच्या वाफ्याकडे वळवितो. फुप्फुसाचा जो भाग कफानें तुंबला आहे, तेथें रक्त नेऊन उपयोग काय? तें प्राणवायु न घेतांच परत येणार. म्हणून त्या भागाचें दारें मिटतें आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतें. जोंवर खडकाळ वाफे थोडे आहेत, तोंवर ही युक्ति शहाणपणाची ठरते.

परंतु सिस्टिक फायब्रोसिसच्या पुढच्या अवस्थेंत मळ्याचा बहुतेक भाग खडकाळ होऊन बसतो. एकामागून एक दारें मिटत जातें, पाटांतलें पाणी तुंबतें, आणि मोट ओढणाऱ्या बैलांना दर खेपेस अधिक जोर लावावा लागतो. याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी घडतात. दाहानें फुप्फुसाचा भाग नासला म्हणजे त्यांतील सूक्ष्म वाहिन्याहि कायमच्या नष्ट होतात. आणि दीर्घकाळ आकसलेल्या वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन त्यांची पोकळी अरुंद राहते. मग प्राणवायु पुरविला तरी सगळींच दारें पुन्हां उघडतात असें नाहीं. या वाढलेल्या दाबालाच फुप्फुसीय रक्तदाबवाढ म्हणतात. दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा नेहमींचा रक्तदाब हा निराळा. तो अगदीं उत्तम असतांनाहि फुप्फुसांतील दाब चढलेला असूं शकतो.

या स्थितीचा सर्वांत मोठा धोका तिच्या मूकपणांत आहे. दाब वाढला म्हणजे रोग्यास थकवा येतो, जिना चढतांना दम लागतो, छाती धडधडते. परंतु ज्याचीं फुप्फुसें आधींच अधू आहेत, त्याला हीं लक्षणें नवीं नसतात. रोगी, घरचीं माणसें आणि कित्येकदां वैद्यहि तीं सर्व फुप्फुसांच्या खातीं मांडून मोकळे होतात. दिवसां विसांव्याच्या वेळीं केलेल्या तपासणींतहि फसगत होते. कारण झोपेंत श्वास उथळ होतो, प्राणवायु घटतो, आणि दाब प्रथम रात्रीं किंवा श्रमाच्या वेळीं चढूं लागतो. घोट्यांवर सूज येणें, मानेच्या शिरा फुगणें, यकृत वाढणें हीं उजव्या हृदयाच्या पराभवाचीं उघड चिन्हें होत. पण तीं शेवटीं दिसतात. जुन्या काळच्या रोग्यांत तीं एकदां दिसूं लागलीं म्हणजे पुढील आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावें लागे.

म्हणून दाब शोधून काढावा लागतो. त्याचा खरा आंकडा मिळविण्याची वाट १९२९ सालीं वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन वैद्यानें दाखविली. त्यानें स्वतःच्याच हाताच्या शिरेंतून एक लांब बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि तसाच चालत क्ष-किरणांच्या खोलींत जाऊन छायाचित्र घेवविलें. पुढें न्यूयॉर्क येथें आंद्रे कूर्नान व डिकिन्सन रिचर्ड्स यांनीं या युक्तीस शास्त्रीय तपासणीचें रूप दिलें. या तिघांना १९५६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. याच मार्गानें फुप्फुस-धमनींतील दाब मोजतां येतो. पूर्वीं सरासरी दाब २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असला म्हणजे तो रोग मानीत. २०१८ सालच्या जागतिक परिषदेनें ही मर्यादा खालीं आणून २० च्या वरचा दाब हाच वाढलेला दाब मानावा, असें ठरविलें.

शिरेंतून नळी घालण्याचा उपचार वारंवार करणें सोयीचें नसतें. म्हणून प्रथम छातीवरून ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयाचें चित्र घेतात. उजव्या बाजूच्या झडपेंतून उलट गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजून त्यावरून दाबाचा अंदाज बांधतात. परंतु या रोग्यांचीं फुप्फुसें अडकलेल्या हवेनें फुगलेलीं असतात, आणि हवेंतून ध्वनिलहरींचें चित्र स्पष्ट उमटत नाहीं. कांहींच्या झडपेंतून गळतीच होत नाहीं. अशा वेळीं तपासणींत कांहीं सांपडलें नाहीं याचा अर्थ दाब नाहीं असा करणें, हें अंधाऱ्या खोलींत डोकावून खोली रिकामी आहे असें सांगण्यासारखें होय. संशय बळावला तर नळीचीच तपासणी केली पाहिजे.

आतां आयुष्याच्या प्रश्नाकडे वळूं जातां, पहिला आधार श्वासाच्या मोजमापाचा मिळतो. छाती भरून श्वास घेऊन जोरानें सोडला असतां पहिल्या सेकंदांत जितकी हवा बाहेर पडते, ती त्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाच्या मानानें शेंकडा किती, हें पाहतात. १९९२ सालीं टोरोंटो येथील एका प्रसिद्ध अभ्यासानें असें दाखविलें कीं हें प्रमाण ३० टक्क्यांच्या खालीं गेलेल्या रोग्यांपैकीं सुमारें निम्मे दोन वर्षांत मृत्यु पावतात. या आंकड्यानें पुढें पुष्कळ वर्षें वैद्यांच्या निर्णयांना वळण दिलें. परंतु काळ बदलला, उपचार सुधारले. २०१७ सालीं अमेरिकन नोंदवहीवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, याच अवस्थेंतील प्रौढ रोग्यांचा मध्यम आयुर्मर्याद साडेसहा वर्षांच्या आसपास आढळला. सारख्याच आंकड्याचे दोन रोगी. एक वर्षाच्या आंत जातो, दुसरा दहा वर्षें काढतो. म्हणजे श्वासाचा आंकडा एकटा पुरा पडत नाहीं.

उरलेल्या उत्तराचा एक भाग उजव्या हृदयापाशीं सांपडतो. १९९९ सालीं टोरोंटो येथेंच प्रौढ रोग्यांच्या एका लहान गटाचा अभ्यास झाला. बाहेरून कोणतेंहि चिन्ह नसतांना कित्येकांच्या फुप्फुसांतील दाब वाढलेला आढळला. तो रक्तांतील प्राणवायूच्या घटीशीं मिळताजुळता होता, आणि असा दाब असलेल्यांत मृत्यूचें प्रमाण अधिक दिसलें. २०१४ सालीं अमेरिकेंतील प्रत्यारोपणाच्या राष्ट्रीय नोंदींवरून केलेल्या मोठ्या अभ्यासांतहि, फुप्फुसांच्या प्रतीक्षेंत असलेल्या ज्या रोग्यांचा दाब वाढलेला होता त्यांच्या जिवास धोका अधिक असल्याचें आढळून आलें.

येथें एक विवेक मात्र सुटतां कामा नये. वाढलेला दाब हा मृत्यूचें कारण आहे, कीं फुप्फुसांच्या नाशाची साक्ष देणारा नुसता साक्षीदार आहे? बहुधा तो दोन्ही आहे, आणि त्यांतील वांटे वेगळे करून दाखविणें सोपें नाहीं. परंतु रोग्याच्या हिताच्या दृष्टीनें साक्षीदाराचें म्हणणेंहि वेळेवर ऐकणें महत्त्वाचें असतें. अमेरिकेंतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनांत हेंच सूत्र दिसतें. श्वासाचा आंकडा ३० टक्क्यांच्या खालीं गेला तर रोग्यास प्रत्यारोपणाच्या केंद्राकडे पाठवावें. परंतु फुप्फुसीय रक्तदाबवाढीसारखें गंभीर चिन्ह असेल, तर ४० टक्क्यांच्या खालीं जातांच पाठवावें, असें तें सांगतें. या दहा टक्क्यांच्या अंतरांत कित्येकांचें आयुष्य सांठविलेलें आहे. फुप्फुसाच्या दात्याची वाट पाहण्यांत महिने जातात. उशिरां नांव घातलेला रोगी यादींतच दगावतो किंवा शस्त्रक्रिया सोसण्याइतका सशक्त उरत नाहीं.

दाब उतरविण्याचा सरळ उपाय नाहीं काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत साहजिकच येईल. पहिला उपाय प्राणवायूचा. दीर्घकालीन श्वासनलिकादाहाच्या रोग्यांत, दिवसाचा बराच काळ प्राणवायु दिल्यानें आयुष्य वाढतें, हें १९८० व १९८१ सालीं अमेरिकेंत व ब्रिटनमध्यें झालेल्या प्रयोगांनीं सिद्ध केलें. सिस्टिक फायब्रोसिसमध्यें तितका स्पष्ट पुरावा मिळालेला नाहीं. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २८ रोग्यांना रात्रीं प्राणवायु किंवा साधी हवा देऊन पाहिली. मृत्यूच्या प्रमाणांत फरक पडला नाहीं, परंतु प्राणवायु घेणारे शाळेंत वा कामावर जात राहिले. ही लहानशी गोष्ट आंकड्यांच्या गर्दींत हरवूं नये. आजारी मुलाला शाळेंत जातां येणें हेंहि जगण्याचेंच एक माप आहे.

दुसरा उपाय रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या औषधांचा. सिल्डेनाफिलसारखीं औषधें, फुप्फुस-धमन्यांच्याच मूळ रोगांत उपयोगी पडतात. येथें मात्र सावधगिरी लागते. औषध चांगलें दारें आणि खडकाळ वाफ्याचें दारें यांत भेद करीत नाहीं. सगळींच उघडलीं तर रक्त पुन्हां तुंबलेल्या भागांत जाऊन प्राणवायु आणखी घटण्याचा संभव असतो. म्हणून तीं तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, निवडक रोग्यांतच विचारांत घेतात.

खरा पालट मूळ दोषावर चालणाऱ्या औषधांनीं घडवून आणला. अशांपैकीं पहिलें, आयव्हाकॅफ्टर, २०१२ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें थोड्या रोग्यांनाच लागू पडे. २०१९ सालीं तीन औषधांचा संयोग मान्य झाला आणि पाश्चात्त्य देशांतील बहुसंख्य रोग्यांना तो उपयोगी पडूं लागला. बंद पडलेलें प्रथिनाचें दार कांहीं अंशीं उघडल्यामुळें कफ पातळ होतो, श्वासाचा आंकडा वर चढतो. प्रत्यारोपणाची पाळी येणाऱ्यांची संख्याहि अमेरिकेंत झपाट्यानें घटली. परंतु या औषधांची वार्षिक किंमत तेथें तीन लाख डॉलरच्या घरांत ठेवली गेली, आणि जनुकाचा ज्या प्रकारचा दोष त्यांस मुख्यतः अनुकूल आहे तो भारतीय रोग्यांत तुलनेनें कमी आढळतो. ज्यांना हें औषध मिळत नाहीं, ज्यांना तें लागू पडत नाहीं, आणि ज्यांचीं फुप्फुसें औषध येण्यापूर्वींच नासलीं, त्यांच्यासाठीं उजव्या हृदयावर नजर ठेवण्याची गरज पूर्वींइतकीच कायम आहे.

अखेरचा उपाय फुप्फुसांच्या प्रत्यारोपणाचा. आतां बहुतेक रोग्यांना केवळ दोन फुप्फुसें देतात आणि त्यांचें हृदय त्यांच्याच छातींत ठेवतात. त्यामुळें बाल्टिमोरसारखे प्रसंग दुर्मिळ झाले आहेत. त्यामागें शस्त्रक्रियेची प्रगति आहे, तसाच हृदयाविषयींचा एक मोठा दिलासाहि आहे. नवीं फुप्फुसें बसतांच फुप्फुसांतील दाब उतरतो, आणि वर्षानुवर्षें ताणलेला उजवा कप्पा बहुधा हळूहळू आपल्या मूळच्या आकारास येतो. ज्याची पाठ ओझ्यानें वांकली पण मोडली नाहीं, तो हमाल ओझें उतरतांच सरळ उभा राहतो, तसें हें आहे. मोडण्यापूर्वीं ओझें उतरविणें एवढेंच माणसाच्या हातीं असतें. आणि त्यासाठीं, रोगी खोकत असतांना फुप्फुसांचा आवाज ऐकणाऱ्यानें, मुकाट्यानें ओझें वाहणाऱ्या शेजाऱ्याकडेहि वेळींच वळून पाहिलें पाहिजे.